सुरेखाच्या सासऱ्याचा उपाशी चेहरा

कर्जतच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी तो टाकला, मी चालवला, आणि आता साठी उलटली तरी तो काही मला सोडत नाही. फोटो काढून घ्यायला फारसं कोणी येत नाही हल्ली. येतात ते फोटो काढून आलेले लोक. त्यांच्या गळ्यात माझ्या दुकानातल्या सगळ्या सामानाहून महाग कॅमेरा असतो आणि तोंडी एकच प्रश्न, "अन्वरभाई, प्रिंट फाइन आर्ट पेपरवर येईल ना?" येईल की. न यायला काय झालं? कागद बिचारा काही बोलत नाही.

हौशी छायाचित्रकार म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यांच्या घरात एखादा नाही त्यांना कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो. पूर्वी रोल छत्तीस फोटोंचा असायचा, त्यामुळे माणूस निदान छत्तीस वेळा विचार करायचा. आताचा कॅमेरा सेकंदाला वीस-तीस फोटो काढतो, समोरच्याचा डोळा कुठे आहे ते स्वतःच शोधतो, आवाज करत नाही, आणि काही कॅमेरे तर बटण दाबायच्या आधीचेही फोटो साठवून ठेवतात. मग साहेबांनी काय करायचं? साहेबांनी कॅमेरा उचलायचा. तोही जड होतो म्हणून आता हलके निघालेत. खोपोलीच्या एका गृहस्थांनी वर्षभर आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळात, कॅमेऱ्यात सगळं हातानेच ठरवायच्या मॅन्युअल मोडचं महत्त्व या विषयावर सगळ्यांची डोकी उठवली. एके दिवशी गुपचूप दुकानात आले आणि दार लोटून घेत म्हणाले, "अन्वरभाई, फोटोत तारीख चुकीची येते, ती कुठून बदलतात हो?" मी बदलून दिली. ती दोन वर्षं मागे होती.

फोटो काढून झाला की सॉफ्टवेअर. त्यात सरकवायच्या पट्ट्या असतात. एक पट्टी सरकवली की धुकं जातं, दुसरी सरकवली की सुरकुत्या खोल होतात, तिसरीने विजेच्या तारा, मोबाइलचे टॉवर आणि शेजारचा रिसॉर्ट नाहीसा होतो. आमच्या तालुक्यातले रिसॉर्ट फक्त याच सॉफ्टवेअरने हटतात. आकाशही बदलून मिळतं. मागच्या एका प्रदर्शनात तीन सभासदांचे तीन फोटो मी एका भिंतीवर टांगले. एकात माथेरानचा कडा, एकात उल्हास नदी, एकात कशेळ्याचा बाजार, आणि तिन्हींवर तोच ढग, डाव्या कोपऱ्यात तसाच फाटलेला. सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेल्या आकाशांत तो पहिलाच होता, पुढे जायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. मुंबईहून आलेले परीक्षक त्या भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "या तिघांचा आकाशाशी काहीतरी संवाद आहे." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग आपापल्या बुटांकडे.

हसतोय मी, पण माझं पोट यांच्यावरच चालतं. लग्नाची कामं तरुण पोरांनी ड्रोन उडवून नेली, तेव्हा मी एक नवा धंदा काढला. शनिवार-रविवारी मुंबईहून, नेरळच्या नव्या कॉम्प्लेक्समधून हौशी मंडळी यायची आणि 'अस्सल खेडं' शोधत गाडीतून भटकायची. अस्सल खेड्यात त्यांना ट्रॅक्टर, डिश अँटेना आणि जीन्स घातलेला शेतकरी भेटायचा. फार निराश होऊन परतायची. मी म्हटलं, मीच देतो तुम्हाला खेडं. एका दोस्ताचा पडीक गोठा घेतला. बैलजोडी भाड्याने आणली, तिच्या मालकाच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. कंदील ऑनलाइन मागवला. घोंगडी नवी घेतली आणि तिला दोन ठिकाणी कात्री लावली. ओला पेंढा पेटवला की धूर होतो, धुरात छपराच्या भोकातून ऊन आलं की त्याचे पट्टे दिसतात, आणि पट्टे दिसले की पंधरा माणसं एकदम गुडघ्यावर बसतात. आता फक्त त्या उजेडात बसवायला माणूस हवा होता.

तो चालत दुकानात आला. बाळारामदादा. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. खालापूरच्या वाटेवर त्यांचं गाव, स्वतःचं स्लॅबचं घर, बायको मागेच वारली, मुलगा कंपनीत, सून सुरेखा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता म्हणून पासपोर्ट साइज फोटो काढायला आले, आणि दातांची कवळी घरी विसरले. त्यामुळे गाल आत गेलेले. मी लाइट लावला आणि त्याच वेळी प्रिंट न्यायला आलेले घाणेकर साहेब मागून ओरडले, "हलू नका! काका, तसेच राहा!" बाळारामदादा घाबरून तसेच राहिले. घाणेकर साहेब हळू आवाजात मला म्हणाले, "अन्वरभाई, या चेहऱ्यात सगळा ग्रामीण महाराष्ट्र आहे."

मला तर त्यात कवळी नसल्याचं तेवढं दिसत होतं. पण गिऱ्हाइकाला नाही कशाला म्हणा?

घाणेकर साहेब वाईट माणूस नव्हे, हे आधी सांगतो. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, नेरळला घर घेतलेले, दिवाळीला न चुकता मिठाईचा डबा आणून देणारे. लेन्सा अकरा. त्यांपैकी एक केवळ चेहऱ्यांसाठी, तिने मागचं सगळं विरघळून जातं. मागे काय आहे याची त्यांना तशीही फारशी चौकशी नसायची.

बाळारामदादांना मी गोठ्यात बसवलं आणि धडे दिले. घड्याळ काढा, चष्मा काढा, कवळी खिशात. "आता शून्यात बघा," म्हटलं.

"शून्यात म्हंजे कुठं रं, भाई?"

"लांब. काहीतरी हरवलंय असं बघा."

जमेना. हसू यायचं त्यांना. मग त्यांनीच तोड काढली. "थांब. बॉयलरच्या काट्याकडं बगायचो ना, तसं बगतो. आठ-आठ तास बगायचो. नजर हलवली की साहेब कावायचा." आणि त्यांनी समोरच्या कुडावर नजर लावली. तोंड उतरलं, डोळे थिजले, मान किंचित पुढे आली. पंधरा कॅमेरे सुरू झाले. मीसुद्धा चकित झालो. मी म्हटलं, "दादा, हेच. हेच धरून ठेवायचं. कॅमेरा दिसला की हेच."

त्यांनी ते धरलं. दोन वर्षं, महिन्यातून दोन-तीनदा. घरी सांगायचे, निवृत्त कामगारांची मीटिंग आहे. गोठ्यात आले की धोतर नेसायचे, फोटो झाले की पुन्हा पॅन्ट घालून माझ्याबरोबर मिसळ खायचे आणि आपलेच फोटो मोबाइलवर बघायचे. मानधन मिळायचं, पण त्यांना त्याचं फार नव्हतं. कुठल्या भिंतींवर त्यांचा चेहरा लागला नाही? 'दुष्काळ', 'प्रतीक्षा', 'मातीचं लेकरू', 'शेवटचा घास' अशी त्या फोटोंची नावं. शेतात हा माणूस कधी राबला नव्हता. भाताचं जे काही असेल ते त्यांचा भाऊ बघायचा.

मग आलं आमच्या हौशी मंडळाचं कर्जतचं प्रदर्शन. चाळीस चौकटी, छपाई, माउंट, टांगणं आणि खालच्या पाट्या, सगळं काम माझं. घाणेकर साहेबांचा फोटो सगळ्यांत मोठा. गोठ्याच्या उंबऱ्यावर बाळारामदादा, पुढ्यात रिकामी ताटली, सुरकुत्यांची पट्टी शेवटपर्यंत सरकवलेली. त्यांनी शीर्षक लिहून दिलं, 'सुनेच्या दारी उपाशी'.

मी म्हटलं, "साहेब, यांना सून आहे का, काही चौकशी?"

"असेलच ना कुठेतरी. आणि नसली तरी काय, अन्वरभाई? भावना सार्वत्रिक आहे."

त्यांनी चौकशी केली नव्हती, पण मला माहीत होतं. सुरेखाच्या लग्नाचे फोटो मीच काढलेत. मोहोपाड्याला लागून रसायनीच्या कॉलन्यांत एकटे राहणारे कामगार आहेत, त्यांना ती डबे देते. पहाटे उठून माणसांच्या पोटाची काळजी करणारी बाई. हे सगळं माहीत असताना मी ती पाटी टाइप केली, अक्षर जरा मोठं ठेवलं, कारण फोटो मोठा होता. चाळीस चौकटींचं काम हातचं जाऊ नये, एवढाच विचार तेव्हा केला. त्याची लाज मला आजही वाटते.

प्रदर्शन गुरुवारी उघडलं. बघायला आलेल्या कोणीतरी त्या फोटोचा पाटीसकट मोबाइलवर फोटो घेतला आणि खाली स्वतःची भर घातली, 'सासऱ्याला दाराबाहेर बसवणाऱ्या सुनेला लाज वाटेपर्यंत पुढे पाठवा.' लोकांनी पाठवला. मोहोपाड्यात तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, त्याला कोण ओळखणार नाही? दुसऱ्या दिवशी मी जुम्म्याची नमाज पढून आलो तर दुकानाच्या पायरीवर सुरेखा बसलेली. हातात मोबाइल.

"अन्वरभाई, ह्यो तुमी काढला?"

"मी नाही काढला, गं. मी फक्त छापला."

"आनि खालचं नाव?"

"ते पण फक्त छापलं."

"तुमचं समदं फक्तच हाय, भाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "चार जनांनी डबा बंद केला. त्याचं जाऊ द्या. आज एकानं डबा परत धाडला, हात न लावता. वर चिट्टी, आदी घरच्याला जेवू घाला. मी मामंजींच्या आदी कदी जेवले नाय ओ. माशातलं काटं काडून देते त्यांना."

मी पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही. "परदर्शन उद्या बी हाय ना? मी येते. त्यांना घेऊन येते," म्हणाली आणि गेली.

शनिवारी हॉल भरला होता. सुरेखा आली, मागे बाळारामदादा. इस्त्रीचा बुशशर्ट, घड्याळ, चष्मा, कवळी तोंडात. आणि गंमत बघा, त्या हॉलमध्ये निम्म्या लोकांनी त्यांचे शेकड्यांनी फोटो काढलेले होते, पण एकानेही त्यांना ओळखलं नाही. मोठ्या फोटोपुढे एक बाई रुमालाने डोळे टिपत उभी होती. बाळारामदादा फोटो बघायला जवळ गेले तर ती म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हाल का? दिसत नाहीये." ते बाजूला झाले.

घाणेकर साहेब पाहुण्यांना उजेड-सावलीचं गणित समजावत होते. सुरेखा थेट त्यांच्यापुढे गेली. "ह्ये त्या फोटोतलं मामंजी. आनि मी ती सून."

साहेबांनी गळ्यातला कॅमेरा बाजूला सारला. मग हात जोडले. "ताई, यात वैयक्तिक काही नाही. हे एक प्रतीक आहे."

"मग तुमच्या त्या प्रतीकाला दोन टायमाला जेवाय कोन वाढतंय? ते लिवा की खाली."

कोणीतरी मागे खुदकन हसलं. साहेब म्हणाले, पाटी बदलू, 'अनामिक' करू. सुरेखाने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती सासऱ्याकडे वळली. "मामंजी, तुमी मीटिंगला जायचात ना? मग ह्ये काय? असं तोंड करून का बसलात? मी काय कमी केलं?"

बाळारामदादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुजं काय नाय गं, सुरेखा. मला बरं वाटायचं. कंपनीतनं सुटल्यापास्नं माज्याकडं एवडा येळ कोनी बगितलंच नव्हतं."

सुरेखाचे डोळे भरले. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, घाणेकर साहेबांचा हात कॅमेऱ्याकडे गेला. मुद्दाम नव्हे, सवयीने. समोर डोळे भरले की हात आपोआप वर जातो. सुरेखानेही पाहिलं. "काडा, काडा," ती म्हणाली. "ह्याला काय नाव देनार?" साहेबांनी कॅमेरा खाली घेतला. मी स्टूल आणलं आणि फोटो भिंतीवरून उतरवला. डोळे टिपणाऱ्या बाईने विचारलं, "विकला गेला का?"

पुढचंही सांगून टाकतो. तोच फोटो नंतर दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनात 'अनामिक' नावाने गेला, प्रमाणपत्र घेऊन आला, आणि ते प्रमाणपत्र लॅमिनेट करायला माझ्याकडेच आलं. मी केलं. घाणेकर साहेब पेढे ठेवून गेले, ते मात्र मी खाल्ले नाहीत. एवढाच काय तो माझा बाणेदारपणा.

पण त्या शनिवारी हॉलबाहेर सुरेखाने मला अडवलं. "भितीवरनं उतरवलात, भाई. लोकांच्या मोबाइलमदनं कसा उतरवनार?"

उतरवलेली चौकट मी पायाशी टेकवली.

"मग घरी या. मामंजी जेवताना फोटो काडा. चांगला, हसता. तोच मी गावात नि कॉलनीत पाठवते. बगू द्या लोकांना."

एवढं तर मला करायलाच हवं होतं. बुधवारी दुपारी कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन गेलो. ओटीवर डब्यांची रांग होती, नेहमीपेक्षा आखूड. सुरेखाने ताट वाढलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, भात, लोणचं. बाळारामदादा पाटावर बसले, नवा सदरा घालून. खिडकीतून सुरेख उजेड येत होता. मी मनात म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

कॅमेरा उचलला आणि त्यांचं तोंड उतरलं. डोळे थिजले, मान पुढे आली. पुढ्यात भरलेलं ताट आणि त्यामागे सगळ्या जगाने टाकलेला म्हातारा.

"दादा, हसा की."

"हसतोय की रं."

त्यांना खरंच वाटत होतं की आपण हसतोय. मी स्क्रीनवर दाखवलं तर तेही चपापले. मग मी गप्पा काढल्या, त्यांच्या कंपनीतल्या गमती विचारल्या, ते खुलले, मी कॅमेरा नुसता मांडीवर ठेवून आवाज न करता बटण दाबलं. कॅमेऱ्याची काच त्यांच्याकडे वळली की संपलं. सुरेखाने शेजारी बसून वाढलं, विनवलं, रागावून पाहिलं. साठ-सत्तर फोटो झाले, आणि सगळ्यांत तोच उपाशी माणूस बोंबील खात होता.

शेवटी मी लॅपटॉप उघडला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हसवायचीही पट्टी आहे. ती सरकवली. ओठांची टोकं वर गेली, गाल फुगले, डोळे जिथल्या तिथे राहिले. सुरेखा वाकून बघत होती. "नको, भाई," म्हणाली. "ह्ये तर मतं मागाय आल्यासारकं दिसतंय." तिघंही हसलो. हसताना मी चटकन कॅमेऱ्याकडे हात नेला, तेवढ्यात दादांचं हसू विझलं होतं. मी हार मानली आणि कॅमेरा पिशवीत भरून चेन ओढली.

सुरेखा मात्र लॅपटॉपपुढे बसून राहिली. एकेक फोटो पुढे सरकवत होती. तिचं घर, तिचं ताट, तिचा सासरा. पहिल्यांदा कपाळाला आठी होती, मग ती गेली, आणि तिचा चेहराच बदलत गेला. तिने लॅपटॉप मिटला.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "तुमी बरं हाव ना ओ आमच्यात? माजी शपथ, खरं सांगा."

बाळारामदादांनी ताटातून मान वर केली. "हाय गं बाय. लय बरा हाय मी," म्हणाले.

चेहरा तोच होता. समोर कॅमेरा नव्हता तरी तोच.

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. आयुष्य चेहरे बघण्यात गेलेल्या माणसाला विचारावं तसं पाहिलं. तो चेहरा मी घडवला होता, उजेडात बसवला होता, छापून भिंतीला लावला होता. तो खरा की खोटा एवढंच तिला हवं होतं, आणि मला ते ओळखता येईना.